कॉफीच्या मळ्यातले झाड उभे आहे, पण त्याचे रोप कुठे आहे?

कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात विराजपेटजवळ माझ्या मावसबहिणीचे सासर आहे. १८ एकरांचा कॉफीचा मळा, त्यातला बहुतेक भाग रोबस्टा जातीच्या कॉफीचा, आणि उताराच्या वरच्या अंगाला थोडी अरेबिका ही दुसरी जात. गेल्या बारा-तेरा वर्षांत मी तिथे पाच वेळा गेले आहे, पण या फेब्रुवारीत पहिल्यांदाच ताईच्या सासऱ्यांबरोबर दोन दिवस वही घेऊन हिंडले आणि मळ्यातली सावलीची झाडे एक-एक करून मोजली. उंबर, नांदरूख, फणस, जांभूळ, शिसव, बिबळा, नाणा, पांगारा अशी ओळखीची झाडे भेटत गेली, तर काहींची नावे मला फक्त पुस्तकातून ठाऊक होती आणि त्यांना मात्र ती आजोबांपासून कन्नडमध्ये आणि कोडव भाषेत पाठ होती. एकूण ३१ जाती भरल्या. तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवल्यानंतरही १८ एकरांत ३१ जातींचे मोठे वृक्ष पाहून मन भरून आले, हे मी मोकळेपणाने सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही चाळताना लक्षात आले की मोजलेल्या झाडांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या सिल्व्हर ओकची होती. उरलेल्या ३० जातींपैकी बऱ्याच जातींचे एखाद-दुसरेच झाड होते, तेही दोघांच्या कवेत न मावणाऱ्या घेराचे. त्या जातींचे कमरेएवढे एकही रोप आम्हाला सापडले नव्हते. मी ताईच्या सासऱ्यांना विचारले, “काका, या झाडांची पुढची पिढी कुठे आहे?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तणाबरोबर गेली.” त्या उत्तरामुळेच आज हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे शहरांत कॉफीच्या पुड्यांवर आता ‘शेड ग्रोन’ असे छापलेले असते. ते खोटे नसते. भारतातली जवळजवळ सगळीच कॉफी सावलीत वाढते आणि त्याला इतिहास आहे. कॉफीचे झुडूप मुळातच आफ्रिकेतल्या जंगलाच्या छताखालचे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गोऱ्या मळेवाल्यांनी कोडगूत जंगल साफ करून, उघड्या उन्हात कॉफी लावली. मग खोडकिड्याने गाठले. या किड्याची मादी उन्हाने तापलेल्या खोडाच्या सालीतल्या भेगांमध्ये अंडी घालते आणि अळी खोड आतून पोखरते. मळेच्या मळे वाळले, तेव्हा मद्रास सरकारने जॉर्ज बिडी यांना चौकशीसाठी पाठवले. १८६९ च्या त्यांच्या अहवालात कॉफीवर झाडांची सावली हवी यावर भर होता. म्हणजे कोडगूच्या मळ्यांतले छत्र कुणाच्या निसर्गप्रेमातून राहिलेले नाही. उघड्यावरची कॉफी मेली आणि सावलीतली जगली, या अनुभवातून ते राहिले. त्यातूनच दोन मजली सावलीची पद्धत रुळली. खालच्या थरात पांगारा, ज्याच्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर छाटून ऊन आत घेता येते, आणि वरच्या थरात जंगलातले जुने वृक्ष, ज्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढवले जातात.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कॉफीने कोडगूचे जंगल वाचवले असे सरसकट म्हणता येत नाही, कारण कॉफीनेच ते खाल्लेही आहे. १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत या जिल्ह्यातले वनाच्छादन पाव हिश्श्याहून अधिक घटले आणि त्याचे मुख्य कारण कॉफीचा विस्तार हेच होते. राखीव जंगलाच्या जागी कॉफीचा मळा आला तर तो तोटाच आहे, मग त्यावर कितीही गर्द सावली असो. पण जंगल आधीच गेले आहे आणि आता मळा आहे, तर त्या मळ्याच्या जागी उघडे शेत, आल्याचे वाफे किंवा इमारतींचे भूखंड यावेत की झाडांखालची कॉफी राहावी, हा वेगळा प्रश्न आहे, आणि कोडगूच्या मोठ्या भूभागासमोर आज तोच आहे.

त्या दृष्टीने पाहिले तर मळ्यांनी अजून पुष्कळ काही धरून ठेवले आहे. शोनिल भागवत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोडगूतले राखीव जंगल, देवराया आणि कॉफीचे मळे एकत्र पाहिले होते. तेव्हापासून या भागाकडे एकेक तुकडा सुटा करून न पाहता सगळा भूभाग मिळून पाहण्याची दृष्टी बळावली. कोडगूत १,२०० हून अधिक देवराया आहेत. तिथे त्यांना ‘देवरकाडू’ म्हणतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांच्या कामातून आपल्याकडच्या देवराया ज्यांना कळल्या, त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. या देवराया बहुतेक अगदी लहान, काही तर एक-दोन एकरांच्या. त्यांच्या मधल्या जागेत कॉफीचे मळे पसरलेले आहेत. मळ्यांत झाडे असतील तर देवरायांमधले पक्षी, वटवाघळे, माश्या एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाऊ शकतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कर्नाटकातल्या कॉफीच्या मळ्यांच्या एका अभ्यासात जंगलावर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांच्या ७९ जाती नोंदल्या गेल्या होत्या. त्यात निलगिरी रानपारव्यासारखा फक्त पश्चिम घाटातच सापडणारा पक्षीही आहे.

मधमाश्यांबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण झाड आणि कॉफी यांचा व्यवहार त्यांच्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. अरेबिका स्वतःच्या परागावर फळू शकते, रोबस्टा शकत नाही. तिला दुसऱ्या झुडपाचा पराग लागतो, तोही फुलोरा टिकतो त्या दोन-तीन दिवसांत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिली सर पडली, जिला तिथे ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात, की आठ-दहा दिवसांनी अख्खा डोंगरउतार एकदम पांढरा होतो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. त्या दोन दिवसांत तिथे ज्या माश्या पोहोचतात, त्यांत आग्या, सातेरी आणि डंख नसलेल्या बारीक माश्या प्रमुख आहेत. आग्या मोहोळ बसते ते उंच, जुन्या, पसरट फांद्यांच्या झाडावर. एकेका नांदरुखावर पोळ्यांची रांगच लागलेली मी पाहिली आहे. तेव्हा तो नांदरूख कॉफीला नुसती सावली देत नाही, तो पीक धरायला मदत करतो. कोस्टा रिकातल्या एका मळ्यावर टेलर रिकेट्स यांनी २००४ मध्ये दाखवून दिले होते की जंगलापासून किलोमीटरभराच्या आत असलेल्या कॉफीचे उत्पादन माश्यांमुळे २० टक्क्यांनी अधिक होते.

आता ज्या अभ्यासाने माझी या विषयातली समज बदलली, त्याकडे वळते. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या शॅलीन झा आणि क्रिस्टोफर डिक यांनी मेक्सिकोच्या चियापास राज्यात, सावलीतल्या कॉफीच्या मळ्यांत आणि लगतच्या जंगलात वाढणाऱ्या मिकोनिया अफिनिस या लहान झाडाची आनुवंशिक तपासणी केली. हे झाड आपल्या सह्याद्रीतल्या अंजनीच्या कुळातले. त्याचे फूल माशीने पंखांचे स्नायू थरथरवून हलवल्याखेरीज पराग सोडत नाही आणि त्याच्या बिया पक्षी व वटवाघळे पसरवतात. पूर्वी मोकळ्या केलेल्या जमिनीवर हे झाड मळ्यात पुन्हा आपोआप रुजले होते आणि माती धरून ठेवते म्हणून शेतकऱ्यांनी ते राहू दिले होते. तपासणीत असे आढळले की मळ्यातल्या झाडांची आनुवंशिक विविधता जंगलातल्या झाडांइतकीच होती. एवढेच नव्हे, जंगलात जवळजवळची झाडे बहुधा एकमेकांची भावंडे असतात, तसे मळ्यात कमी होते, कारण पक्ष्यांनी बिया वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून टाकल्या होत्या. पुढच्या अभ्यासात त्यांना पराग दीड किलोमीटरहून अधिक अंतर ओलांडत असल्याचेही दिसले. थोडक्यात, सावलीचा मळा एका जंगलाच्या झाडाचे नाते दुसऱ्या जंगलाशी जोडत होता.

हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि मी कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना हेच उदाहरण देत आले. पण त्याची एक मर्यादा मला कोडगूत उमगली. मिकोनिया हे बारीक बियांचे, लवकर रुजणारे झाड आहे आणि मुख्य म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला रुजू दिले होते. कोडगूतल्या मोठ्या बियांच्या, संथ वाढणाऱ्या वृक्षांची गोष्ट अशी नाही. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या आणि पोन्नमपेटच्या वनशास्त्र महाविद्यालयातल्या संशोधकांनी डायसॉक्सिलम मलबारिकम या, कडुनिंबाच्या कुळातल्या, फक्त पश्चिम घाटात आढळणाऱ्या उंच वृक्षाचा मळे आणि देवरायांमध्ये अभ्यास केला. त्याचे पराग कित्येक किलोमीटर जातात, ही आशेची बाब. पण लहान तुकड्यांत जवळजवळ उभी असलेली झाडे नात्यातली असल्याने त्यांच्यात आपसांतलेच संकर होतात आणि असे बियाणे पुढे कमकुवत ठरते. परिणामी मोठी झाडे आहेत आणि तरुण झाडे नाहीत. अशा एकाकी, वंश पुढे न नेणाऱ्या वृक्षांसाठी ‘जिवंतपणी मृत’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग परिसंस्थाशास्त्रात रूढ आहे.

काकांच्या “तणाबरोबर गेली” या वाक्याचा अर्थ इथे लागतो. कॉफीच्या मळ्यात वर्षातून दोन-तीनदा तण काढले जाते. मजुरीवर आलेल्या बाईच्या कोयत्याला बिबळ्याचे बोटभर रोप आणि घाणेरीचे रोप यांत फरक दिसत नाही, आणि तो दिसावा असे तिला कुणी सांगितलेलेही नसते. शंभर वर्षे झाड तसेच उभे राहते, दरवर्षी बिया टाकते, दरवर्षी रोपे येतात आणि दरवर्षी कापली जातात. मग एका वादळात ते झाड पडते. त्या जागी सिल्व्हर ओक लागतो.

सिल्व्हर ओकच का, हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. हे झाड ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातले आहे. ते भरभर वाढते, सरळ जाते, मिरीच्या वेलाला चांगला आधार देते आणि त्याचे लाकूड प्लायवूडसाठी विकले जाते. पण हे सगळे गुण असूनही देशी झाडांवर त्याने एवढी मात केली नसती, जर कायद्याने त्याच्या बाजूने कौल दिला नसता. कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात ज्या झाडांच्या तोडीला परवानगी लागत नाही त्यांची यादी आहे आणि सिल्व्हर ओक त्या यादीत आहे. शिसव, बिबळा, नाणा यांना परवानगी लागते. कोडगूत त्यावर आणखी एक गुंता आहे तो जमीनधारणेचा. भातखाचरांना जोडून सरपण, चराई आणि पालापाचोळ्यासाठी दिलेल्या ‘बाणे’ जमिनींवर पुढे कॉफी आली, पण त्यांतल्या अनेक जमिनींवर झाडांच्या लाकडाचा हक्क सरकारकडेच राहिला. म्हणजे शेतकऱ्याने सात दशके सांभाळलेला वृक्ष कागदावर त्याचा नसतो.

या परिस्थितीत शेतकरी काय करील, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. काकांनी काही वर्षांपूर्वी वाऱ्याने कललेला, घराच्या छपरावर येऊ घातलेला एक बिबळा तोडण्यासाठी अर्ज केला होता. कचेरीतल्या खेपा, पाहणी, पुन्हा कागद, यांत १४ महिने गेले आणि परवानगी येण्याआधीच ते झाड एका पावसाळ्यात गोठ्यावर पडले. त्यानंतर त्यांनी लावलेली एकूण एक झाडे सिल्व्हर ओकची आहेत. त्यांना शिसवीबद्दल प्रेम नाही असे कोण म्हणेल? त्यांच्या आजोबांनी राखलेल्या शिसवीला ते रोज सकाळी हात लावून पुढे जातात. पण नवी शिसव लावणे म्हणजे नातवाच्या डोक्यावर एक न संपणारा अर्ज ठेवून जाणे, असे त्यांना वाटते. कायद्याचा हेतू झाड वाचवण्याचा होता. प्रत्यक्षात त्याने आहे ते झाड काही काळ राखले आणि येणाऱ्या झाडाची वाट अडवली.

यात आणखी काही कारणे मिळतात. तुषार सिंचन आल्यापासून फुलोरा पहिल्या सरीवर अवलंबून राहिला नाही, त्यामुळे गर्द सावलीची निकड कमी झाली आणि अधिक उन्हात अधिक पीक हा विचार पसरला. रोबस्टाचे भाव अलीकडे विक्रमी चढले, तेव्हा तो विचार आणखी पक्का झाला. हत्तींचाही भाग आहे. पिकलेल्या फणसासाठी कळप मळ्यात येतात, माणसे जखमी होतात, मरतात, आणि म्हणून काही शेतकरी फणस कोवळेच उतरवतात, तर काही झाडच काढून टाकतात. मजुरांच्या जिवाची भीती असणाऱ्याला फणसाचे महत्त्व सांगायला माझी जीभ रेटत नाही.

बाहेरचे जग या बदलाकडे कसे पाहते, तेही सांगते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडविरोधी कायदा केला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या शेतातली कॉफी त्यांच्या बाजारात चालणार नाही, असे त्यात म्हटले आहे, जरी अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे. युरोप ही आपल्या कॉफीची सर्वांत मोठी बाजारपेठ असल्याने या कायद्याला वजन आहे आणि त्याचा हेतू मला मान्य आहे. पण आधीपासूनच मळा असलेल्या जमिनीवर ३१ जातींच्या जागी एकच जात आली, तर त्या कायद्याच्या लेखी काहीच घडलेले नसते. उपग्रहातून मळा पूर्वीइतकाच हिरवा दिसतो. त्या मानाने अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या ‘बर्ड फ्रेंडली’ प्रमाणपत्राचे निकष बारकाईचे आहेत. त्यात किमान ४० टक्के छत्र तर हवेच, शिवाय मुख्य सावलीच्या झाडांखेरीज आणखी किमान १० जाती असाव्या लागतात. तरीही तिथेसुद्धा उभ्या झाडांची मोजदाद होते. रोपांची मोजदाद झाली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

महाराष्ट्रात कॉफी म्हटली की मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या जुन्या लागवडीचेच नाव निघते, तेव्हा हा प्रश्न आपला नाही असे कुणाला वाटू शकेल. माझा जन्म सावंतवाडीचा आहे, म्हणून मला तसे वाटत नाही. आमच्याकडे मालकीच्या जंगलातले ऐन, किंजळ, जांभा, नाणा ठेकेदाराला उक्ते विकले गेले आणि त्या डोंगरांवर काजू, रबर, अननस आले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडेही १९६४ पासून झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे आणि आपल्याकडेही तो तोड थांबवू शकला नाही, मात्र शेतकऱ्याच्या मनात देशी झाड म्हणजे कटकट एवढी गोष्ट त्याने पक्की केली. गोव्यातल्या कुळागरांत सुपारी, नारळ, केळ, मिरी आणि वर फणस-आंब्याची सावली अशी मजल्यांची शेती आहे. तिथेही जुन्या वरच्या झाडांच्या जागी काय येणार, हाच प्रश्न आहे.

माझे म्हणणे असे आहे की आज उभे असलेले जुने वृक्ष आणि उद्या लावले जाणारे वृक्ष यांना कायद्याने वेगळे वागवावे. जुन्या, मोठ्या घेराच्या देशी वृक्षांना संरक्षण असू द्यावे, पण ते सांभाळणाऱ्याला त्याचा वार्षिक मोबदला मिळावा. नव्याने लावलेले किंवा राखलेले देशी रोप मात्र लावल्या दिवशीच शेतकऱ्याच्या नावावर नोंदवावे आणि ते वाढल्यावर तोडून विकण्याचा हक्क त्याला सिल्व्हर ओकइतकाच सहज असावा. यावर एक आक्षेप मी अनेक वनप्रेमी मित्रांकडून ऐकला आहे, की असा हक्क दिला तर जुनी शिसवसुद्धा नव्या नोंदीच्या आडून कापली जाईल. ही भीती खोटी नाही आणि घेराची नोंद काटेकोर नसेल तर तसे घडेलही. पण आज जे घडते आहे त्यात जुनी शिसव म्हातारी होऊन पडते आणि नवी येतच नाही. त्यापेक्षा काही झाडे कापली जाणारी आणि अनेक नवी लावली जाणारी व्यवस्था मला बरी वाटते. चाळीस वर्षांनी लाकूड म्हणून विकता येईल या आशेने लावलेला बिबळा त्या चाळीस वर्षांत फुलतो, मधमाश्यांना पोसतो, बिया टाकतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुन्हा मळ्यात गेलो. कमरेएवढी रोपे नव्हती, पण बोटभर उंचीची, दोन-चार पानांची रोपे जुन्या झाडांखाली अजून होती. पुढच्या तणकाढणीपर्यंत त्यांना वेळ होता. ताईने जुन्या लाल साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून तिला एक पट्टी बांधली. एकूण ४३ काठ्या झाल्या. मळ्यात कामाला येणाऱ्या बायकांना तिने त्यांच्या भाषेत सांगितले की लाल पट्टीजवळ कोयता चालवायचा नाही. एकाच आईखालची रोपे एकाच मळ्यात वाढवण्यातला धोका मी समजावून सांगितला, तेव्हा काकांनी सहा किलोमीटरवरच्या आपल्या मेहुण्यांना फोन लावला. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन्ही मळ्यांतून बिया गोळा करून अदलाबदल करायची आणि पिशव्यांत रोपे तयार करायची असे ठरले. कोणती काठी कोणत्या झाडाच्या रोपाची, ती यादी माझ्या वहीत आहे. पावसाळा सरल्यावर, पहिली तणकाढणी होऊन गेली की मी ती वही घेऊन पुन्हा जाणार आहे आणि ४३ पैकी किती उरली ते इथेच लिहीन.